खालच्या जबड्याचा डावा सुळा

कुत्र्याच्या तोंडात आमच्या शेजारच्या मोजणीकाकांइतका वेळ घालवलेला माणूस अख्ख्या नाशिक जिल्ह्यात दुसरा झाला नसेल. जनावरांचे डॉक्टर जमेस धरूनही मी हे म्हणतो आहे. डॉक्टर कुत्र्याच्या तोंडात बघतात ते कुत्रं आजारी असलं तर. काका रोज सकाळी सात वाजता, अंघोळ करून, चष्मा पुसून, शेजारच्या दोन माणसांना पंच म्हणून उभं करून बघत. त्या दोन पंचांपैकी एक आमच्या बोळातच राहणारा पोस्टमन होता. तो पुढे बदलून गेला आणि सुटला. दुसरा पंच मी. आज ऐंशी ओलांडली, तोंडात स्वतःचे म्हणावेत असे चार दात उरलेत, आणि एका कागदावरची माझी सही मला अजून टोचते आहे. तो कागद कसला होता आणि ती सही खोटी का होती, हे आता लिहून टाकतो. नंतर लिहीन म्हणायचं माझं वय राहिलेलं नाही.

काका जमीन मोजणीच्या कचेरीतून निवृत्त झालेले. पस्तीस वर्षं त्यांनी घोटीपासून सटाण्यापर्यंत लोकांच्या शेतांच्या हद्दी ठरवल्या, भावाभावांत बांध घातले, शेतात साखळी ओढली, हद्दीचे दगड रोवले. सरकारने त्यांना निवृत्त केलं, पण साखळीने केलं नाही. आमच्या दोघांची बिऱ्हाडं पंचवटीतल्या एका बोळात, एकाच मंगलोरी कौलांखाली, मध्ये एक भिंत आणि पुढे एक सामाईक ओसरी अशी होती. काका दर दिवाळीला त्या ओसरीवर खडूने हद्द आखत, आणि ऊन आमच्या बाजूला येतं म्हणून चहाला आमच्या हद्दीत येऊन बसत. "अतिक्रमण आहे, पण तात्पुरतं," असं स्वतःच सांगत. घरापासून गंगेच्या, म्हणजे आमच्या गोदावरीच्या, पायरीपर्यंत किती पावलं, हे त्यांना पाठ होतं, आणि पावसाळ्यात गंगा वर चढली की ते आकडा कमी करून सगळ्यांना कळवत. लग्नाच्या पंगतीत बसण्याआधी ते दोन पाटांमधलं अंतर वितीने बघत. मखमलाबादहून एक भाजीवाली यायची. तिच्या टोपलीतला दुधीभोपळा काकांनी एकदा खिशातला फीत-टेप काढून उभा आणि आडवा मोजला, तेव्हा ती म्हणाली, "बाबा, दुधी घ्यायचा हाय का त्याला सदरा शिवायचा हाय?" काका शांतपणे म्हणाले, "बाई, मागच्या मंगळवारी तू याच्यापेक्षा दोन बोटं लांब दिला होतास. नोंद आहे माझ्याकडे." आणि खरोखरच होती.

या सगळ्यात काकू कुठे होत्या, असं कुणी विचारील. काकू केर काढत होत्या. त्यांच्याइतकं स्वच्छ घर मी पाहिलेलं नाही. सकाळी पाचला उठून त्या घर, ओसरी, अंगण आणि कुणी हरकत घेतली नाही तर आमचंही अंगण झाडत. त्यांचा झाडू गेला की मागे मुंगीलाही चालायला संकोच वाटावा. बोळातल्या बायका पोरींना सांगत, "केर काढावा तर काकूंसारखा." काकूंना दुसरं कुठलंच कौतुक कधी मिळालं नाही, आणि त्यांना ते पुरत होतं. हे लक्षात ठेवा, कारण मी जे केलं ते नेमकं इथे लागलं.

आणीबाणी उठून वर्ष झालं असेल. काका एका भाच्याच्या भातखाचराची हद्द बघायला घोटीला गेले आणि येताना कापडी पिशवीतून दोन महिन्यांचं कुत्र्याचं पिल्लू घेऊन आले. ज्याने दिलं त्या शेतकऱ्याने म्हणे सांगितलं होतं, "काका, न्या याला. लय चावतंय, पर मन साफ हाय." काकांनी त्याचं नाव शंकू ठेवलं. मोजणीत काटकोन काढायला जे लाकडी साधन वापरतात त्याला शंकू म्हणतात. या शंकूला काटकोनात साधं बसताही येत नव्हतं. पण चावण्याच्या बाबतीत शेतकऱ्याने काही लपवलं नव्हतं. पहिल्या दोन महिन्यांत त्याने काकांचा डावा बूट, काकूंचं पोळपाट, आमच्या खाटेचा एक पाय आणि मी घरी आणलेली पाटबंधारे खात्याची एक फाईल इतक्यांचा निकाल लावला. त्या फाईलवर आमच्या साहेबांनी चार वर्षं निर्णय दिला नव्हता, तो शंकूने एका दुपारी दिला.

मग एके सकाळी काकांच्या चपलेत तांदळाच्या दाण्याएवढा एक दात सापडला.

काकांनी उभ्या आयुष्यात कुत्रं पाळलं नव्हतं. चार महिन्यांच्या पोराचा दात पडला म्हणून ते हादरलेच. "काल तू त्याला कडक भाकरी घातलीस," ते काकूंना म्हणाले.

"तीच तुम्हीही खाल्लीत," काकू म्हणाल्या. "तुमचे पडले का?"

काकांनी आत जाऊन आरशात स्वतःचे दात मोजले, पूर्ण भरले तेव्हा बाहेर आले, आणि शंकूला काखेत मारून जनावरांच्या डॉक्टरकडे गेले. तोवर पुढचे आणखी दोन पडले होते. डॉक्टर तरुण, हसरा. त्याने समजावलं की माणसाच्या लेकरासारखेच कुत्र्याच्या पिल्लाचेही दुधाचे दात असतात. ते अठ्ठावीस. चौथ्या महिन्यापासून पडायला लागतात, आधी पुढचे, मग सुळे आणि दाढा, आणि सातव्या महिन्यापर्यंत बेचाळीस पक्के दात येतात. हिरड्या शिवशिवतात म्हणून पिल्लू दिसेल ते चावतं.

काका थक्क झाले. "म्हणजे अठ्ठावीस जुने खातेदार उठवायचे, त्या जागी बेचाळीस नवे बसवायचे, आणि याची कुठेही नोंद नाही?"

"नोंद कसली ठेवता काका! पडलेले दात पिल्लं गिळून टाकतात. माझ्या हाताखालून इतकी कुत्री गेली, पण एका पिल्लाचे सगळे दुधाचे दात गोळा केलेला माणूस मी पाहिला नाही. तुम्ही अठ्ठावीसच्या अठ्ठावीस आणून दाखवा, मी या खुर्चीवरून उठतो आणि तुम्हाला बसवतो."

डॉक्टर हे थट्टेत बोलला होता. पण काकांनी आयुष्यात एकही मोजणी अपुरी सोडली नव्हती, आणि कुणाची थट्टा अशी ओळखलीही नव्हती. त्या संध्याकाळी त्यांनी नकाशाच्या जाड कागदावर शंकूचे दोन्ही जबडे काढले, गावाच्या नकाशासारखे. प्रत्येक दाताला सर्व्हे नंबर. वरच्या जबड्याच्या उजव्या टोकापासून एक ते चौदा, खाली डावीकडून वळून पंधरा ते अठ्ठावीस. हद्दी लिहिल्या: आतल्या अंगास जीभ, बाहेरच्या अंगास ओठ. जिभेवर "गावठाण" असं लिहिलं. शेवटी एक शेऱ्याचा रकाना. दात पडला की तो त्याच्या नंबरावर डिंकाने चिकटवायचा, शेरा लिहायचा, खाली दोन पंचांच्या सह्या.

म्हणून रोज सकाळी सात वाजता ओसरीवर मोजणी. काका पायरीवर बसत, शंकू त्यांच्या गुडघ्यांत. काकू पेन्सिल घेऊन उभ्या. मी आणि पोस्टमन भिंतीला टेकून, साक्षीला. काका अंगठ्याने शंकूचा ओठ वर करत आणि नंबर पुकारत.

"नऊ?"

"गेला परवाच," काकू.

"अकरा?"

"हलतोय."

"हलतोय असं लिही. डोलतोय लिहू नकोस, मागच्या वेळी डोलतोय लिहिलं होतंस. सरकारी भाषेत दात डोलत नाही."

जे दात शंकूने गिळले त्यांचं काय, हा प्रश्न काकांनी कसा सोडवला ते सांगताना लेखणी जरा अडते, पण खरं सांगायलाच बसलो आहे. काकांनी काकूंची चहाची गाळणी घेतली. रोज शंकू परसात जाऊन आला की ते गाळणी आणि पाण्याची बादली घेऊन त्याच्या मागोमाग जात. या उपायाने नऊ दात मिळाले. काकूंनी नवी गाळणी आणली आणि कुलपात ठेवली. आम्ही मात्र बरेच दिवस काकांकडे चहा घेतला नाही. बाकीचे दात चावलेल्या वस्तूंत रुतलेले मिळाले. त्यामुळे शंकू काहीही चावू लागला की काका आनंदाने ओरडत, "चावू द्या, चावू द्या! नव्यांना वाट होतेय." हे ते आमच्या खाटेच्या दुसऱ्या पायाबद्दल बोलत असत.

पौष उजाडला तेव्हा सत्तावीस दात नकाशावर चिकटले होते. राहिला होता फक्त नंबर अठरा, खालच्या जबड्याचा डावा सुळा. तो हटेना. त्याच्या शेजारून पक्का सुळा वर आला, आणि दोघं खांद्याला खांदा लावून उभे राहिले. "एकाच नंबरात दोन कुळं," काका हळहळत. शंकू आता मांडीत मावू नये इतका मोठा झाला होता, पण काका त्याला अजून मांडीवर घेत. डॉक्टरकडे जायचा कोट त्यांनी उन्हात टाकून ठेवला होता.

आणि एका गुरुवारी सकाळी आमची सहा वर्षांची छकुली रडत उठली. तिचा पुढचा दात पडला होता आणि सापडत नव्हता. आपल्याकडे लेकराचा दुधाचा दात पडला की तो शेणाच्या गोळीत घालून कौलांवर फेकतात, म्हणजे नवा लवकर येतो. दातच नाही तर फेकणार काय? छकुलीने आकांत मांडला की आता तिला जन्मभर बोळकं राहणार. मी चष्म्याशिवाय, गुडघ्यांवर रांगत, घर आणि ओसरी धुंडाळली. ओसरीच्या पायरीशी, काकूंचा झाडू पोचायच्या आधीच, मला एक पांढरा दात मिळाला. बोटाला जरा टोकदार लागला. मला वाटलं, पोर आईवर गेली आहे. गवळ्याच्या गोठ्यातून शेण आणलं, गोळी केली, "जुना घे, नवा दे" म्हणालो आणि कौलांवर भिरकावली. छकुली हसली. मीही हसलो. माणूस किती आनंदात चूक करतो!

अर्ध्या तासाने ओसरीवरून काकांची हाक आली, "अठरा गेला!"

शंकूचा जबडा उघडा होता, नंबर अठराच्या जागी हिरडीवर रक्ताचा ठिपका. काकांनी शंकूचं अंथरूण झटकलं, चपला पाहिल्या, खाटेचे चारही पाय तपासले, गाळणी चालवली. मग ते ताठ उभे राहिले आणि त्यांनी विचारलं, "आज ओसरी कोणी झाडली?"

बोळात सगळ्यांना ठाऊक होतं ओसरी कोण झाडतं.

काकांनी त्या दिवशी कोपऱ्यावरचा उकिरडा चाळला. संध्याकाळी मी कचेरीतून आलो तर आमच्या खिडकीत छकुलीने आदल्या दिवशी अर्धवट टाकलेला पेरू होता, आणि त्या पेरूत तिचा दात. मी तो पेरू उचलून उजेडात धरला. आमची ही स्वयंपाकघरातून आली, तिने पेरू पाहिला, माझं तोंड पाहिलं, आणि सगळं ओळखलं.

"जाऊन सांगतो," मी म्हणालो.

"काय सांगता? ते उद्या शिडी लावून अख्खी कौलं उतरवतील. नंबर घालून उतरवतील आणि नंबर घालून चढवतील. या थंडीत पोरीला घेऊन आभाळाखाली झोपायचंय का? दोन दिवस जाऊ देत."

ते दोन दिवस मी जाऊ दिले. माझ्या हातून घडलेला गुन्हा तो हाच. दुसऱ्याच सकाळी काकांनी नकाशा ओसरीवर मांडला आणि शाईच्या पेनाने, मोत्यासारख्या अक्षरात, शेरा लिहिला: "सर्व्हे नंबर १८. सौ.च्या केरात गहाळ." पोस्टमनने सही केली. मग पेन माझ्यापुढे आलं. मी काकूंकडे पाहिलं. त्या पदराच्या टोकाला गाठ मारत उभ्या होत्या. म्हणाल्या, "घाला हो सही, भाऊ. तुम्हाला कचेरीला उशीर होईल."

मी सही केली. पूर्ण नाव, खाली रेघ.

त्याच क्षणी काकांनी कोपऱ्यातला काकूंचा झाडू उचलला. "इथून पुढे या घरातला केर मी काढणार. न जाणो, फटीत असला तर." आणि साठीच्या त्या माणसाने वाकून, टीचभर टीचभर सरकत, ओसरी झाडायला सुरुवात केली. केराची प्रत्येक चिमूट ते उन्हात धरून बघत.

रविवारी मी धीर केला आणि शिडी लावून कौलांवर चढायला लागलो. गोळी सापडली तर गुपचूप ओसरीच्या फटीत टाकू, असा बेत. अर्ध्यावर गेलो तोच खालून आवाज आला, "काय हो कारकून, काय शोधताय?"

"गळतंय," मी म्हणालो.

"पौषात?"

"नाही... पुढच्या पावसाची तयारी."

काकांना इतका आनंद झाला की काही विचारू नका. "शाबास! असा दूरदृष्टीचा माणूस पाहिजे!" असं म्हणून त्यांनी शिडी दोन्ही हातांनी घट्ट धरली, आणि मी त्यांचाच दात शोधत तासभर कौलांवर रांगत असताना ते खालून मला सांभाळत राहिले. "डावीकडे पाय जपून! ते कौल हलतंय!" मला काहीही मिळालं नाही. उतरलो तेव्हा त्यांनी माझ्या पाठीवर थाप मारली. ती थाप मला एखाद्या रट्ट्यापेक्षा जास्त लागली.

मग दोन दिवसांचे दोन महिने झाले, आणि दोन महिन्यांची अकरा वर्षं. सत्तावीस दात घेऊन काका डॉक्टरकडे गेले नाहीत ते नाहीतच. "अपुरी मोजणी दाखवायची नसते," म्हणाले. कोट परत पेटीत गेला. डॉक्टरची बदली झाली. काकूंना बोळात "दात झाडणाऱ्या काकू" असं नाव पडलं. हळदीकुंकवाला बायका म्हणत, "काकू, आमचे दात सांभाळा हं!" आणि काकू हसत. नकाशाला चौकट करून काकांनी तो दारासमोर टांगला होता, म्हणून येणारा प्रत्येक पाहुणा चप्पल काढायच्या आधी तो शेरा वाचायचा, आणि खालची माझी सही. मी दरवर्षी ठरवायचो की या दिवाळीला सांगायचं. दिवाळीला काका खडूने हद्द आखत, आमच्या उन्हात येऊन बसत, छकुलीच्या दातांची चौकशी करत, आणि माझी जीभ गावठाणातून बाहेर पडत नसे. पलीकडे इंदिरानगरला शेतांत भूखंड पडायला लागले, बोळातली माणसं तिकडे घरं बांधायला गेली, शंकू म्हातारा होऊन त्याचे पक्के दातही झिजले आणि एक दिवस तो पायरीवर निजला तो उठला नाही. काका त्यानंतरही झाडत राहिले. शेवटच्या आजारपणाच्या आदल्या दिवसापर्यंत.

काका गेल्यावर काकू सटाण्याला बहिणीकडे राहायला जायच्या होत्या. जायच्या आदल्या दिवशी त्यांनी मला बोलावलं आणि भिंतीवरची चौकट काढून माझ्या हातात दिली. "तुम्ही पंच होतात. तुमच्याकडे राहू दे." मी शेरा पाहिला, माझी सही पाहिली, आणि तिथेच जमिनीवर बसलो. सगळं सांगितलं. पेरू, शेण, शिडी. मान खाली घालून सांगितलं. वर पाहिलं तर काकू पदर तोंडाशी धरून हसत होत्या. डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या.

"अहो भाऊ, तुमची गोळी पलीकडे घरंगळून आमच्या मोरीशी पडली होती. पाचव्या दिवशी मला मिळाली. शेण वाळून फुटलं होतं आणि आत हा सुळा. छकुलीचा तर पेरूत सापडला होता, तो तिनेच मला हसत दाखवला होता. मग काय कळायचं राहिलं?"

"मग सांगितलं का नाहीत? इतकी वर्षं लोक तुम्हाला..."

काकूंनी डोळे पुसले. "सांगायलाच निघाले होते. सुळा मुठीत घेऊन ओसरीवर आले, तर हे वाकून केर काढत होते. आणि लक्षात आलं, की चार दिवस मी सकाळचा चहा बसून प्यायले. लग्नाला तेहतीस वर्षं झाली होती, भाऊ. बसून पहिल्यांदाच. म्हटलं, आजचा एक दिवस आणखी पिऊ या." मग म्हणाल्या, "तुमचे जसे दोन दिवस, तसा माझा एक."

"पण त्यांची ती खुर्ची राहिली ना, काकू."

"खुर्चीत बसून काय केलं असतं? खुर्ची मोजली असती." त्या पुन्हा हसल्या, पण या वेळी हसू मध्येच थांबलं. "शेवटी शेवटी त्यांना वाकवत नव्हतं. तेव्हा द्यावा असं फार वाटायचं. पण मिळाला असता तर सकाळी उठले असते का, काय ठाऊक. शोधायचंय म्हणूनच उठत होते."

"आता कुठे आहे तो?"

"त्यांच्याबरोबर दिला. मुठीत तुळशीपत्र ठेवलं ना, त्याच्याखाली. म्हटलं, घ्या, मोजणी पुरी करा."

मी खिशातून पेन काढलं. शेरा खोडून खरा लिहितो म्हणालो. काकूंनी माझा हात धरला. "राहू द्या. त्यांचं अक्षर आहे."

म्हणून त्या होत्या तोवर मी काही लिहिलं नाही. त्यांनाही जाऊन आता पुष्कळ वर्षं झाली. चौकट माझ्या भिंतीवर आहे, सत्तावीस दात जागेवर आहेत, डिंक पिवळा पडलाय. जमिनीच्या दप्तरात चुकीची नोंद दुरुस्त करायची तर फेरफार लिहावा लागतो, आणि तो मंजूर करण्याआधी पंधरा दिवस लोकांना दिसेल असा लावून ठेवावा लागतो, कुणाची हरकत असेल तर यावं म्हणून. हे मला काकांनीच शिकवलं. गेल्या महिन्यात मी एका कागदावर लिहिलं: "सर्व्हे नंबर १८. सौ.च्या केरात गहाळ नाही. पंच क्रमांक दोन याने कौलांवर फेकला. सौ. निर्दोष." तो कागद चौकटीखाली डकवला, आणि सकाळी सात वाजता खुर्ची घेऊन दारात बसायला लागलो.

पंधरा दिवस झाले. कुणी आलं नाही. पोस्टमनचा पत्ता नाही, आमची ही नाही, छकुली परगावी, बोळातली घरं पाडून मजले चढलेले. नियमाप्रमाणे नोंद आता मंजूर करायला हवी. मी पेन उघडतो आणि परत बंद करतो. काकांनी यावं, चष्मा पुसावा, वाचावं, आणि "हरकत आहे!" म्हणून ओरडावं, एवढ्यासाठी मी मुदत आणखी पंधरा दिवस वाढवली आहे.